दुर्गाबाईची राखण

चांदूर बाजाराजवळच्या त्या गावी बालवाडी निघाली, तेव्हा वस्तीतल्या बायांना आनंद झाला, आणि मास्तर पाहून त्यांचा जीव दचकला. बाईच येणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण अमरावतीची शिकलेली बाई अशा आडगावी येणं म्हणजे उंबराचं फूलच. आला तो देवमन, प्रशिक्षणाच्या वर्गातला एकटा पुरुष.

"बाप्या मानूस लहान्या पोरीयचं काय करन?" चतुराबाई म्हणाली.

शेवटी वस्तीनं तोड काढली. बालवाडी बुद्धविहारात भरायची. दुर्गाबाईनं दारात बसून मास्तरावर नजर ठेवायची. म्हातारी लगेच तयार झाली, कारण तिचा जीव नातीत अडकला होता. भागीरथा नऊ वर्षांची, आई कापूस वेचायला गेली की धाकट्या भावाला कडेवर घेऊन दिवस काढायची. भाऊ बालवाडीत बसला, तेव्हा कुठे ती शाळेत जाऊ लागली. बालवाडी मोडली की तिची शाळाही मोडणार, हे उघड होतं.

मग आजी कशाला होती, असं कुणीही विचारील. तरुणपणी दुर्गाबाईनं आपलं तान्हं शेताच्या बांधाला, धुऱ्यावरच्या झोळीत निजवून वेचणी केली होती, आणि ते साप चावून गेलं होतं. तेव्हापासून एकटीनं लेकरू सांभाळायला ती भ्यायची. आणि लेकरू दुसऱ्याच्या हाती असलं, की ही टक्क जागी. सून चिडायची, शेजारणी हसायच्या.

देवमन पोरांची नाकं पुसायचा, गाणी म्हणायचा, रडकं पोर खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालायचा. गावातले टगे त्याला 'देवमनबाई' म्हणून हाक मारायचे. भला माणूस, त्या हाकेला ओसुद्धा द्यायचा.

ऐन थंडीत माशी शिंकली. पंजाबरावची तीन वर्षांची मुलगी भलत्याच झग्यात घरी आली. तिनं कपडे घाण केले होते. मास्तरनं तिला धुऊन कोरडा झगा घातला होता. पंजाबरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी वस्ती विहारात जमली.

"माह्या पोरीचे कपडे यानं काहून बदलले?"

"वली पोरगी थंडीत कशी ठेवू, भाऊ?" देवमन म्हणाला.

जानराव वस्तीतला जाणता, त्याचा शब्द अखेरचा. तो म्हणाला, "दुर्गाबाई, तुमी दारातच होत्या. सारं पायलं ना? हो म्हना, इथंच मिटवू."

एका 'हो'नं सगळं निभावलं असतं. पण दर पुनवेला याच जागी हात जोडून, खोटं बोलणार नाही, असं ती म्हणत आली होती.

"मी झोपली होती," ती म्हणाली.

एकच गलका झाला.

"आयकून तं घ्या! रोजच झोपत होती मी. माहं लेकरू गेल्यापासून दिवसा डोया लागला नाई, साऱ्यायले ठाऊक हाये. या पोराच्या हाती लेकरं असली का मले झोप लागे. याच्याहून मोठी साक्ष माह्यापाशी नाई, बापा."

दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. पण निकाल पुरुषांच्या हाती होता.

"राखनदारच झोपली, मंग काय बोलाचं?" जानराव म्हणाला. बाई मिळेपर्यंत बालवाडी बंद ठरली. देवमन अकोल्याला कचेरीत कारकून झाला, आणि पोरगा मार्गी लागला म्हणून त्याच्या बापानं पेढे वाटले.

बाई काही आली नाही.

एका सकाळी शाळेची घंटा झाली, तेव्हा भागीरथा भावाला कडेवर घेऊन घराच्या दारात उभी होती. ती रागावली नव्हती, नुसतं विचारत होती.

"आजी, तू हो काहून नाई म्हनली?"

दुर्गाबाईनं या प्रश्नाला किती तरी उत्तरं जुळवून ठेवली होती. पण पोरीसमोर तिला स्वतःचं खरेपण फार महाग वाटलं. तिनं हात पुढे केले.

"दे त्याले इकडं. तू जाय शाळेत."

"तुले भेव वाटते ना, आजी?"

"वाटते. तू जाय."

भागीरथा वळून वळून पाहत गेली. ती दिसेनाशी झाली, तरी दुर्गाबाईनं लेकरू खाली ठेवलं नाही.