मधला ठिपका

माझ्या दादाची पोस्टरं आज कितीतरी घरांच्या भिंतींवर आहेत. हजार पाकळ्यांचं कमळ, पाकळीपाकळीवर एकेक डोळा, वेढे घालत वर चढणारे दोन साप, आणि रंग असे भडक की बघणाऱ्याला गरगरावं. लोक त्यांच्यापुढे बसून धूर काढतात आणि मुक्तीच्या गप्पा मारतात. दादा स्वतः मात्र चहापलीकडे कशाला शिवला नाही. पोस्टरं छापायची मी, म्हणून त्याला चिडवायची, "तुझी कुंडलिनी माझ्या शाईवर जागी होते, विसरू नकोस."

छपाईला प्रत्येक रंगासाठी वेगळी पारदर्शक फिल्म लागते; ती दादा काळ्या शाईने हाताने काढायचा. मग ती काचेच्या टेबलावर ठेवून, खालून दिवा लावून मी तपासायची. कुठे रेघ तुटली असेल तर बारीक ब्रशने जोडून टाकायची आणि त्याबद्दल चित्रकाराला काही बोलायचं नाही. ज्या काकांकडे मी हे काम शिकले, ते म्हणायचे, छापणाऱ्याचा हात दिसता कामा नये.

शेवटची फिल्म लाल रंगाची. तिच्यावर फक्त एक ठिपका, कमळाच्या बरोब्बर मध्यावर. दादा त्याला बिंदू म्हणायचा. "बाकीचं चित्र म्हणजे घर गं. बिंदू म्हणजे दाराची कडी. ती हाताला लागली नाही तर माणूस बाहेरच." ती फिल्म देताना तो दरवेळी विचारायचा, "बसला का गं बरोबर?"

दीड वर्षापूर्वी ठिपका पहिल्यांदा गव्हाच्या दाण्याएवढा डावीकडे आला. या माणसाचं लक्ष असतं कुठे, असं पुटपुटत मी तो खरवडला आणि जागेवर नवा घातला. "बसलाय," मी म्हणाले. पुढच्या वेळी तो बोटभर सरकला. मग एकाऐवजी दोन आले, बाकीच्या फिल्मवर तुटलेल्या रेघाही वाढल्या. गेल्या महिन्यात तर फिल्म कोरीच आली, आणि मी तीही भरली. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नसतं, पण या गप्प बसण्याचा मला चक्क अभिमान वाटायचा.

मग एका सकाळी दादाने सगळा चहा कपाच्या बाहेर ओतला आणि त्याला ते कळलंच नाही. मी त्याला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कडेचं दिसत राहील. एखाद्याचा चेहरा बघायचा असेल तर सरळ नका बघू, जरा बाजूला बघा."

दादाने लगेच मान वळवली, माझ्या कानापलीकडे पाहिलं आणि हसला. "दिसलीस गं. केस पिकले की तुझे!"

"दीड वर्षापूर्वी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं," बाई हळहळल्या. "मधली जागा मेंदू आपणहून भरून काढतो, म्हणून पटकन कळत नाही. पण तुमचं तर इतकं बारीक काम!"

"अंधुक वाटायचं कधीकधी. पण म्हटलं, बिंदू बरोबर बसतोय ना, मग चष्म्याचा नंबर वाढला असेल. हिला विचारा, एकदाही चुकला नाही."

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान डोलावली.

छापखान्यात परतल्यावर दादा हट्टाने काचेच्या टेबलाशी बसला. लाल रंगाची कोरी फिल्म मागून घेऊन बाकीच्या फिल्मवर ठेवली. मान तिरकी करून, बोटांनी कडा चाचपत त्याने ठिपका दिला. "बसला का गं बरोबर?"

ठिपका सापाच्या शेपटीवर पडला होता. माझा हात सवयीने ब्रशकडे गेला. मी तो मागे घेतला.

"नाही, दादा. चुकलाय."

"आजच चुकला व्हय?" तो हसत म्हणाला.

"दीड वर्ष चुकतोय. मी बसवत होते."

खालच्या दिव्याचा उजेड त्याच्या हनुवटीवर पडला होता. बराच वेळ तो फिल्मवरून अंगठा फिरवत राहिला. शाई ओली होती, ती फरफटत गेली.

"सांगायचं होतंस गं," एवढंच म्हणाला.

मला रडू आवरेना. दादाने चेहरा माझ्याकडे केला, अगदी समोरासमोर. मी दिसावी म्हणून त्याने मान जराशी वळवायची होती. मी वाट बघत राहिले. त्याने ती वळवली नाही.