साठ खणांचं कपाट आणि जिजाबाईची वाट

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी कपाट आहे. पण मला कपडे किंवा भांडी ठेवायचं कपाट समजाल, तर मला राग येईल. नागपूरच्या एका लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात माझा मुक्काम आहे. मला साठ छोटे खण आहेत आणि त्यांत तीस हजारांवर कार्डं आहेत. एकेका कार्डावर कोर्टाचा एकेक निकाल लिहिला आहे: खटल्याचं नाव, विषय, कुठलं पुस्तक, कुठलं पान. वकिलाला कोर्टात नुसतं 'माझंच खरं' म्हणून भागत नाही. पूर्वी अशाच भांडणात काय निकाल लागला, ते दाखवावं लागतं. तो निकाल शोधून देणं हे माझं काम.

१९६२ साली धोंडबा सुताराने मला घडवलं. खण तयार झाल्यावर त्याने ते एकमेकांच्या जागी घालून पाहिले. कुठलाही खण कुठेही बसला, तेव्हाच गड्याने हात पुसले. मग मी ग्रंथपाल मनोहररावांच्या ताब्यात गेलो. काळी टोपी, जाड चष्मा आणि अक्षर असं की छापखान्याने लाजावं.

मनोहररावांची एक सवय होती. निकालांचे नवे अंक दर महिन्याला येत. दुसरा ग्रंथपाल त्यांवर शिक्का मारून मोकळा झाला असता. हे मात्र अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. एखाद्या नव्या निकालाने जुना निकाल रद्द केला असेल, तर त्या जुन्या निकालाचं कार्ड माझ्यातून काढत, कोपऱ्यात लाल पेन्सिलीने फुली मारत आणि मागच्या बाजूला नव्या निकालाचा पत्ता लिहीत. विद्यार्थी त्यांची थट्टा करत.

"सर, मेलेल्या निकालांचं श्राद्ध घालून राहिले काय?"

"मेलेला निकाल जिवंत समजून कोणी कोर्टात नेऊ नये, म्हणून करतो बेटा," ते शांतपणे म्हणत.

त्या वर्षांत माझा थाट काय वर्णावा! परीक्षा जवळ आल्या की माझ्यासमोर रांग लागे. मोठे वकीलही टोपी काढून माझे खण ओढत. मी फुगून गेलो होतो, हे कबूल करतो.

१९७५ साली माझा ताठा उतरला. गोपाळराव हे नागपुरातले नामांकित वकील. ते याच कॉलेजात शिकलेले. त्यांनी कॉलेजला छापील निकालसूचीचे बारा खंड भेट दिले. सोनेरी अक्षरं, लाल कातडी पुठ्ठे. सगळे त्या खंडांवर तुटून पडले आणि मला जिन्याखाली ढकलण्यात आलं. माझ्या डोक्यावर बॅडमिंटनचं जाळं आलं, फुटक्या खुर्च्या आल्या. मला फार वाईट वाटलं. छापील पुस्तक ज्या दिवशी छापून होतं त्या दिवशीच थांबतं, ही साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नव्हती. मनोहरराव मात्र रोज चार वाजता स्टूल घेऊन जिन्याखाली येत आणि आपलं काम करत.

आणि मग १९७८ सालचा फेब्रुवारी उजाडला.

एका शनिवारी दुपारी सुमती आली. ही आमची जुनी विद्यार्थिनी. काटोलच्या कोर्टात वकिली सुरू करून तिला वर्षही झालं नव्हतं. तिच्यासोबत जिजाबाई होती. काटोलजवळच्या खेड्यात जिजाबाईचा संत्र्याचा बगीचा होता. बगीच्यातून सडकेवर यायला एकच वाट, आणि ती शेजारच्या भैयाजींच्या शेतातून जायची. तीस वर्षं तिच्या बैलबंड्या त्याच वाटेने गेल्या. त्या वर्षी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांचं वाजलं आणि भैयाजींनी वाटेत आडवी नाली खोदून काटे टाकले. झाडांवर मिरगाचा बहार, म्हणजे मृगाच्या पावसात धरलेला संत्र्यांचा माल, पिकून तयार होता. आठ दिवसांत तो बाहेर पडला नाही, तर वर्षाची मेहनत झाडाखाली सडणार होती.

कोर्टाने वाट तातडीने खुली करावी, असा अर्ज सुमतीने केला होता. भैयाजींचे वकील होते खुद्द गोपाळराव. त्यांनी एक निकाल दाखवला: जी वाट गावनकाशात नाही, ती असा अर्ज करून खुली करून घेता येत नाही. जिजाबाईची वाट नकाशात नव्हती. पुढची तारीख सोमवारची होती.

सुमतीने ते बाराही खंड चाळले. निकाल तसाच होता. ती मान खाली घालून बसली.

जिजाबाई दमून जिन्यापाशी टेकली होती. मनोहरराव तिथेच लिहीत बसले होते.

"हे कायचं कपाट हाये गा, भाऊ?" तिने विचारलं.

"निकालांचं, बाई."

"मंग आमच्या वकीलबाई पुस्तकात काहून पाहून राहिल्या? याच्यात काहून नाही पाहत?"

मनोहररावांनी सुमतीला हाक मारली आणि निकालाचं नाव विचारलं. मग त्यांनी माझा एकेचाळिसावा, वाटांच्या खटल्यांचा खण ओढला. मित्रांनो, तीन वर्षं जिन्याखाली राहूनही तो अडकला नाही, एका झटक्यात सरकला. कार्ड निघालं. कोपऱ्यात लाल फुली होती. मागे लिहिलं होतं: मोठ्या खंडपीठाने रद्द केला. वाट नकाशात नसली तरी चाकांच्या जुन्या चाकोऱ्या आणि साक्षीदार पुरेत. खाली अंक आणि पान.

सुमतीने ते दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले. "सर, हे पुस्तकात नाही."

"पुस्तक त्याच्या आधी छापलं ना बेटा."

आता प्रश्न अंकाचा होता. कोर्टाला मूळ अंक दाखवावा लागणार, आणि आमच्याकडे नियम असा की सुटा अंक ग्रंथालयाच्या माणसाशिवाय बाहेर जाणार नाही. मनोहररावांनी कधी नियम मोडला नव्हता. त्यांनी तो आताही मोडला नाही. सोमवारी रजा टाकली, अंक कापडी पिशवीत घातला आणि स्वतः काटोलच्या एस.टी.त जाऊन बसले.

पुढचं मी सुमतीच्या तोंडून ऐकलं. न्यायाधीशांनी अंक वाचून गोपाळरावांकडे दिला. गोपाळरावांनी तो सावकाश वाचला आणि उभे राहिले. "माझा निकाल रद्द झालेला आहे. मी तो मागे घेतो," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत नाली बुजवावी, असा हुकूम झाला. मंगळवारी सकाळी जिजाबाईच्या नऊ बंड्या ओळीने सडकेला लागल्या.

दुसऱ्या आठवड्यात गोपाळराव कॉलेजात आले. "मला हरवलं ते कपाट कुठे आहे?" त्यांनी विचारलं. जिन्याखाली मला पाहून त्यांनी माझ्यावरचं बॅडमिंटनचं जाळं स्वतःच्या हाताने काढलं. मग म्हणाले, "मनोहरराव, माझे खंड भिंतीकडे सरकवा. हे मधे ठेवा." आठ विद्यार्थ्यांनी मला उचललं. मला ग्रंथालयाच्या दालनात नेताना कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळेच वाजवू लागले. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो लपवायचं काही कारण नाही.

भैयाजींनी वरच्या कोर्टात अपील केलं आणि तिथेही ते हरले. तो निकाल छापून आला. मनोहररावांनी नवं कार्ड लिहिलं: 'भैयाजी विरुद्ध जिजाबाई'. ते बघायला जिजाबाई मुद्दाम आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने नावावर बोट ठेवलं.

"हे माहं नाव हाये?"

"तुमचंच, बाई."

"आता मले वाट भेटली. मंग माहं नाव अठी ठेवून काय फायदा गा?"

"दुसऱ्या कोणाची वाट अडली, तर त्याच्या कामी येईल."

तिने पदराने ते कार्ड पुसलं आणि स्वतःच्या हाताने खणात ठेवलं.

मित्रांनो, आज १९८६ साल आहे. मनोहरराव निवृत्त झाले. आता विद्यार्थी आळीपाळीने अंक वाचतात आणि माझी कार्डं नीट करतात. कधीतरी इथे संगणक येईल, अशी चर्चा आहे. येऊ दे. माझं मागणं एवढंच: मला पुसलं नाही तरी चालेल, पण नवा निकाल आला की तो वाचा आणि लिहून ठेवा. धूळ बसलेलं कपाट काम देतं. ज्यात शिळी माहिती पडून आहे, ते माणसाला खड्ड्यात घालतं.

कालच उमरेडकडचा एक शेतकरी वकिलाला घेऊन आला. त्याच्याही शेताची वाट कोणी अडवली आहे. वकिलाने एकेचाळिसावा खण ओढला, आणि सगळ्यात आधी जिजाबाई हाताला लागली.