कागदापुरती चूल

निरगुडसरला आमच्या भावकीत घर वेगळं करायची एक रीत आहे. सासू आपल्या चुलीतला निखारा उचलून सुनेच्या नव्या चुलीत ठेवते, सुनेनं फुंकर घालायची. तिथून पुढं ज्याचं त्याचं. माझी चूलही अशीच पेटली. फक्त त्या दिवशी सासू आणि मी, दोघी हसत होतो.

समृद्धीचे पप्पा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेले, तेव्हा ती रांगत होती. पुढं कुणीतरी सांगितलं, निराधार योजनेत नाव घाल, पोरीच्या दुधापुरतं तरी सुटेल. घोडेगावच्या कचेरीत गेले, तर साहेब म्हणाले, "बाई, रेशनकार्ड सासूच्या नावावर, दीर बागायतदार. एका चुलीवर जेवता, मग निराधार कशा?"

माझे थोरले दीर, सावळेराम भाऊजी, हे ऐकून म्हणाले, "कागदापुरतं वेगळं दाखवू. त्यात काय जातंय आपलं?"

गोठ्याशेजारची कांद्याची खोली रिकामी केली, तिथं तीन दगड मांडले. मी काड्यापेटी काढली तर आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, हात धरला. "ऱ्हाऊ दे ती. खोटी का असंना, लेकराचं अन्न शिजायचंय तिच्यावर." आणि त्या पळीत निखारा घेऊन आल्या. शेजारपाजारच्या बाया बघत होत्या. जाऊबाई शीला दारात उभी होती. ती मात्र हसली नाही.

पैसे सुरू झाले. सुरुवातीला मी सकाळी नुसता धूर करायची आणि जेवायला मोठ्या घरी जायची. पण समोर बायडाबाई राहते. तिचाही नवरा नाही, तिचा अर्ज मात्र दोनदा माघारी आलेला. ओट्यावरूनच ओरडायची, "काय गं निराधार, आज कुणाच्या चुलीवर जेवलीस?" बाया हसायच्या, मीही हसायची. मग वरच्या आळीत कुणीतरी तक्रारीचा अर्ज टाकून एकीचे पैसे बंद पाडले, आणि माझं हसू गेलं. मी खरोखरच खोलीत स्वयंपाक करू लागले.

पीठ आणायला गेले तर शीला म्हणाली, "इंद्रा, तुला आता येगळं रेशन येतंय ना?" वाईट बोलली नाही, सहज बोलली. दूध मागायलाही मग जीभ उचलेना. आमच्याच म्हशीचं दूध भाऊजी डेअरीला घालतात, आणि मी त्यांच्या मागून तांब्या घेऊन तेच विकत आणायला डेअरीत जाते.

बाजारातून कांद्याच्या पैशाची पट्टी आली, तेव्हा धीर करून आमच्या वाट्याचं विचारलं. भाऊजी शांतपणे म्हणाले, "आईनं निखारा दिला तवाच वाटणी झाली. चार लोकांनी बघितलंय. तुला सरकार देतंय, मला कोण देतंय?"

"पण ते कागदापुरतं व्हतं ना, भाऊजी?"

"निखारा कागदावर ठिवत्यात व्हय?"

मी आत्यांकडं पाहिलं. त्या भाऊजींच्याच चुलीवरचं जेवत होत्या. त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

सातबाऱ्यावर नाव लावा म्हणावं, तर जमीनवाली बाई निराधार कसली? पैसे सोडून परत जावं, तर त्या घरात आता माझं पातेलं उरलेलं नाही. आणि पैसे घ्यावेत, तर त्यात तेल, मीठ, पीठ येतं. जे पूर्वी न मागता घरात होतं, तेच.

एवढं सगळं तुटलं, तरी एक तुटलं नव्हतं. संध्याकाळी आत्या मोठ्या घराच्या ओट्यावर बसून हाक मारायच्या, "समू, ये गं माझी बाय," आणि गरम भाकरीवर तूपगूळ घालून तिला भरवायच्या. माझ्या चुलीवर तूप नव्हतं, म्हणून मी तिला अडवत नव्हते. पण भीती होतीच. खेळ करून तिला शिकवलं होतं, कुणी विचारलं तर काय सांगायचं ते.

"आमी आमच्या चुलीवर जेवतो. आजीकडं न्हाई."

पाठ झालं की मी पापा घ्यायची. तिला तो खेळ लई आवडायचा.

गेल्या महिन्यात चौकशीला नवे तलाठी भाऊसाहेब आले. भाऊसाहेबांनी चूल बघितली, डबे बघितले, आणि बाहेर येतात तर समृद्धी समोर आजीच्या मांडीवर, तोंडात घास. बायडाबाई तिच्या दारात उभी. भाऊसाहेब चालत ओट्याशी गेले, वाकून म्हणाले, "काय चाललंय, छकुले? रोज हितंच जेवतीस व्हय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तोंडातला घास काढून आजीच्या ताटात ठेवला, मांडीवरून उतरली आणि घडाघडा म्हणाली, "आमी आमच्या चुलीवर जेवतो. आजीकडं न्हाई. आजी आमची कुणी न्हाई."

शेवटचं मी शिकवलं नव्हतं.

"हुशार हाय पोरगी," भाऊसाहेब हसले आणि पंचनाम्यावर सही करून गेले. समृद्धी पाप्यासाठी माझ्याकडं पळत आली. बायडाबाईनं पदर सावरला, आत गेली, टोमणा मारला नाही. तिनं काहीतरी बोलायला हवं होतं.

आत्या बराच वेळ तो घास बघत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही, म्हणून मीच समृद्धीला पाठवलं. लगेच परतली. "आजी म्हणली, नगं येऊ बाय, तुझ्या आईचं पैसं बंद व्हत्याल." त्यात राग होता की काळजी, पोरीला कुठून कळणार? मलाही विचारायला जाता येत नाही. जाऊन काय सांगू? पैसे तर चालूच आहेत.

आता जेवायला बसताना समृद्धी आधी उठते आणि खोलीचं दार ओढून घेते. आत धूर कोंडतो, दोघींचे डोळे चुरचुरतात. मी दार उघडायला गेले की हात धरते.

"नगं आई, कुणी बघंल."