कनीनिका

काळ्या रंगाचा तो थेंब अजून ओला होता… मोहरीएवढा. भिंगाखाली क्षणभर थरथरला, आणि तपकिरी चकतीच्या बरोबर मध्यावर स्थिरावला. तिने रोखलेला श्वास सोडला. कृत्रिम डोळे करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती – पांढऱ्या कवचावर लाल रेशमाच्या तंतूंनी शिरा उमटवायच्या, चकती रंगवायची, मधोमध बाहुली काढायची – आणि बाहुली म्हणजे तिच्या लेखी काळा ठिपका, बस्स. त्याला बाहुली का म्हणायचं, हा प्रश्न तिच्या मनाला परवापरवापर्यंत शिवलाही नव्हता.

हा डोळा शिंपीणबाईंचा. मशीनची सुई तुटून उडाली आणि त्यांचा उजवा डोळा गेला. माप द्यायला आल्या तेव्हा रंगाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. एवढंच विचारलं होतं, की नात दिसेल का त्यात? हा डोळा पाहू शकणार नाही, हे तिने जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं, तर बाई हसल्या.

"मला नको गं दिसायला. तिला त्यात ती स्वतः दिसली पाहिजे. रोज मांडीवर बसून माझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघायची – एक इकडे, एक तिकडे. आता म्हणते, एकीला हरवलंस तू. जवळ येत नाही."

म्हणजे बाहुली ती होती… ठिपका नव्हे, तर त्या काळोखावर उमटलेलं समोरचं माणूस, चिमुकलं, हातापायांसकट. न राहवून तिने त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, संस्कृतात कनीनिका म्हणतात, म्हणजे लहान मुलगी. आणि इंग्रजीतला 'प्यूपिल' ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थही तोच – छोटी मुलगी, बाहुली. ती फोन हातात धरून बसून राहिली. कुठल्या कुठल्या काळातली माणसं, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कुणाच्या तरी इतकं जवळ गेलं असेल, की डोळ्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा डोळा आठवलाच नाही, आत उभी असलेली पोर आठवली…

डोळ्यावरचा पारदर्शक थर तिने नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घासला, समोरचं त्यात स्वच्छ उमटेपर्यंत. बसवायच्या दिवशी नात दाराशीच घुटमळत होती. बाईंनी हाक मारली नाही, नुसती मान तिच्याकडे वळवली. बऱ्याच वेळाने पोरगी आली, आजीचा चेहरा दोन्ही हातांत धरून इतकी पुढे झुकली की नाकाला नाक लागलं.

"इकडे पण आहे मी," ती म्हणाली. मोठ्याने नाही, एखादी वस्तू जागच्या जागी सापडावी तसं.



काम आटोपून घरी जाताना तिला स्वतःची आई आठवली – डोळ्यात गेलेला कण काढण्यासाठी फुंकर घालणारी आई, तिच्या श्वासाची ऊब… बोटभर अंतरावर होते मी, आत उभीही असेन, आणि पाहिलं नाही. आईने डोळे मिटले तेव्हा कुठे गेली ती एवढीशी मी? की आणखी कुणाकुणाच्या डोळ्यांत अशीच उभी आहे, मला न विचारता?

एरवी ती परक्यांचे डोळे सराईतपणे निरखायची: हा घारा, हा मधाळ, ह्यात करड्याची झाक. आज फळवाल्याने पिशवी देताना वर पाहिलं, आणि अनोळखी घरात चुकून पाऊल पडावं तशी ती संकोचली. नजर वळवावीशी वाटली… वळवली मात्र नाही.