डावीकडची मॅट

डाव्या सीटसमोरच्या करड्या मॅटवर एक झिजलेला गोल होता. व्यास साडेसहा सेंटिमीटर. कडेला लोकर विरळ झालेली, मध्यभागी नुसते सुताचे धागे. उजवीकडच्या मॅटवर अशी झीज असती तर त्यात नवल नव्हतं. तिथे गाडी चालवणाऱ्याच्या टाचा घासतात. पण ही बाजू शेजारी बसणाऱ्याची. रत्नाने तो गोल एकदा पट्टी लावून मोजला होता. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासल्यावर, न मोजता एखाद्या गोष्टीकडे बघत राहणं तिला जमत नसे.

"काकू, बसू ना?" शंतनू दार उघडून उभा होता.

"बस. पाय जरा बाजूला ठेव."

त्याने पाय जुळवून दाराशी घेतले. रत्नाने चोक ओढला. दोनदा खोकून इंजिन लागलं आणि फिकट हिरवी मॉरिस मायनर शॉमबर्गच्या त्या गल्लीतून, एकसारख्या दिसणाऱ्या मोठमोठ्या गाड्यांच्या मधून बाहेर पडली. गाडी एकोणीसशे एकोणसाठची, इंग्लंडहून आणलेली. त्यामुळे स्टिअरिंग उजवीकडे; इथल्या बाकी गाड्यांचं डावीकडे, कारण इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात.

जूनमधल्या या रविवारी डीकाल्बच्या पुढे एका गावातल्या बागेत जुन्या ब्रिटिश गाड्यांचा मेळावा भरायचा. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा नागपूरचा शंतनू यंदा हट्टाने बरोबर आला होता. गाडी त्याला विकत हवी होती. दोन महिने तो विचारत होता आणि दोन महिने रत्ना त्याला चहा पाजून परत पाठवत होती.

"मी तुम्हाला सांगितलं का, ती सिरियल मी हॉस्टेलवर बघितली, पायरेटेड," तो म्हणाला. "इंग्लंडमधलं खेडं, ती पोस्टमास्तरीण आणि ही गाडी. सेम कलर. स्टोरी आता आठवत नाही, गाडी आठवते यार."

"आम्ही ती दर रविवारी बघायचो. पब्लिक चॅनलवर. प्रल्हादला खुनी कोण ते पहिल्या दहा मिनिटांत कळायचं."

"खरंच?"

"नेहमी चुकीचं."

शंतनू मोठ्याने हसला. गाडीत कोणी हसल्याला तीन वर्षं झाली होती. आवाज टपाला आपटून परत आल्यासारखा वाटला.

शहर संपलं. दोन्ही बाजूंना गुडघाभर मका, मधून एक जाणारी आणि एक येणारी अशी दोनच पदरांची वाट. थोड्या वेळाने पुढे खडीचा एक ट्रक आला, ताशी पस्तीस मैलांनी चाललेला. उजवीकडे बसलेल्या रत्नाला त्याच्या मागच्या फळीखेरीज काही दिसत नव्हतं. समोरून कोण येतंय हे डावीकडे बसलेल्यालाच दिसतं. नवरा, प्रल्हाद, होता तोवर ते त्याचं काम होतं.

क्लच त्याला कधी जमलाच नाही, म्हणून गाडी नेहमी ती चालवायची. तो डोकं खिडकीला लावून खबर द्यायचा. नुसतं 'जा' म्हणून मोकळा व्हायचा नाही. "एक लाल गाडी येतेय. तिच्यामागे काही नाही. पुढे रस्ता खोलगट आहे, तो संपू दे. लाल गेली. आता." आणि ती ट्रकच्या बाजूने पुढे निघाली की त्याचा उजवा पाय मॅटवर गच्च रुतायचा.

"ब्रेक माझ्याकडे आहे, प्रल्हाद."

"तुझ्याकडे आहे म्हणूनच दाबतोय."

तो गेल्यापासून रत्नाने एकदाही ओव्हरटेक केलं नव्हतं. पूर्वी सव्वा तासाची ही वाट, आता कधी दोन तासांची व्हायची. ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरच्या मागून.

"शंतनू, समोर बघ जरा. काय दिसतंय?"

तो फोनवर गाडीच्या डॅशबोर्डचा व्हिडिओ घेत होता. त्याने मान बाहेर काढली. "क्लिअर आहे काकू. जा."

तिने सिग्नल दिला आणि गाडी अर्धी बाहेर काढली. पुढच्या खोलगट भागातून एक पांढरा पिकअप वर आला, हेडलाइट लावून. रत्नाने ब्रेक दाबला आणि गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. पिकअप हॉर्न वाजवत निघून गेला.

"सॉरी, काकू. रिअली सॉरी. रस्ता फ्लॅट दिसत होता."

"दिसतो तसा."

तिने डावीकडे पाहिलं. त्याचे पाय तिने सांगितले होते तसेच, जुळवून दाराशी होते. पुढचे अकरा मैल ती खडीच्या ट्रकमागून गेली.

बागेत टीव्हीवर गाजलेल्या गाड्यांची वेगळी रांग होती. प्रत्येकीसमोर मालिकेचं नाव लिहिलेला पुठ्ठा. काठी टेकत आलेल्या एका आजींनी उजवीकडे बसून फोटो काढून घेतला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून, आपले यजमान दर भाग दोनदा बघायचे, असं रत्नाला सांगितलं. मग उतरताना त्या म्हणाल्या, "अगदी तशीच ठेवलीत हो." रत्नाने मान हलवली.

दुपारी डग आला. एल्जिनला तो अशाच जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. सत्तरीचा, बोटांच्या पेरांत कायमचं काळं बसलेला. प्रल्हादच्या प्रार्थनासभेला तो घरातल्यांसारखा बूट काढून जमिनीवर बसला होता.

"काय रत्ना, यंदा तरी?" त्याने विचारलं.

"काय यंदा?" शंतनूने विचारलं.

"स्टिअरिंग डावीकडे घ्यायचं. तीन वर्षं विचारतोय. तीन वर्षं 'बघू' म्हणते."

"नाही, नाही," शंतनू म्हणाला. "काकू, सगळी ओरिजिनॅलिटी जाईल. मग ती टीव्हीतली गाडी राहणारच नाही. त्यापेक्षा मला द्या. मी अशीच ठेवतो. दर वर्षी इथे तुम्हाला घेऊन येईन, प्रॉमिस. मी ड्राइव्ह करेन, तुम्ही आरामात डावीकडे बसा. तुम्ही 'जा' म्हटलंत तरच जाईन."

तो मनापासून बोलत होता. रत्नाला ते क्षणभर दिसलंही: आपण डावीकडे बसलोय, डोकं खिडकीला, रस्ता शेवटपर्यंत दिसतोय. ते काम तिला चांगलं जमलं असतं. शंतनूला वेळ असेल त्या रविवारी.

डग गुडघ्यांवर हात टेकून डावीकडच्या दारातून वाकला. "बनवणाऱ्यांनी दोन्ही सोयी ठेवल्या आहेत. वेगाचा काटा मधोमध, दोन्हीकडे सारखे खण. उचलायचं आणि इकडे बसवायचं." त्याने मॅटवर बोट ठेवलं. "पेडल खालून वर येतात. हा ब्रेक, इथून. तेवढं मॅटला भोक पाडावं लागेल. पण इथे ती अशीही गेलीच आहे."

त्याचं बोट त्या गोलाच्या बरोबर मधोमध होतं.

रत्ना बराच वेळ तिकडे पाहत राहिली. शेजारच्या गाडीचं बॉनेट कोणीतरी बंद केलं.

"डावीकडे घे, डग," ती म्हणाली. "गाडीत मी एकटीच असते."