कॅमेऱ्याला कुंकू

"छातीवर कॅमेरा लावायचा म्हणजे चोर आम्हीच!" वाहतूक हवालदार हेमांगी रोज तणतणायची. तरी दसऱ्याला चौकीत पूजा झाली, तेव्हा तिने त्यालाही कुंकू लावलं, थेट भिंगावर. पूजेचं कुंकू लगेच कोण पुसणार?

दुसऱ्या दिवशी आचोळ्याच्या नाक्यावर उलट्या बाजूने आलेल्या स्कूटरवाल्याला तिने अडवलं. तो अंगावर धावून आला, आणि वर तक्रारही त्यानेच केली: बाईंनी शिवी दिली म्हणून. हेमांगीचा तिळपापड झाला.

"साहेब, हे लोढणं गळ्यात बांधलंत ना? मग लावा आत्ता! कळू दे त्याला, सुरुवात कोणी केली!"

साहेबांनी चित्रण लावलं. पडदा नुसता लालभडक. पहिली शिवी मात्र खणखणीत ऐकू आली. बाईच्या आवाजात.