चौथ्या मजल्यावरची अकरा मिनिटं

हिशोब सरळ होता. चित्र चौथ्या मजल्यावर राहिलं, तर हातमोज्यांना रोजची अकरा मिनिटं मिळणार होती, आठवड्याची पंचावन्न. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा, "दादा, या आठवड्यात कुणाशी बोललास का रे?" त्या पंचावन्नांतून तिला सांगण्यापुरतं काहीतरी निघायचं. एवढाच फायदा. ज्यांच्या घरात माणसं आहेत त्यांना तो फायदा वाटणारही नाही.

हातमोजे म्हणजे कंपनीच्या चित्रसंग्रहाची निगा राखणारे गृहस्थ. कंपनी विमा विकायची, पण पहिल्या मालकांना नव्या चित्रकारांचं वेड होतं आणि जाताना ते वेड त्यांनी कंपनीच्या गळ्यात बांधलं. दोनशे बारा चित्रं. जिने, बैठकीच्या खोल्या, झेरॉक्सच्या मशीनमागची भिंतसुद्धा सुटली नव्हती. दर सहा महिन्यांनी ती उतरवायची, मजले बदलून पुन्हा टांगायची, की झालं कर्मचाऱ्यांसाठी नवं प्रदर्शन. हे काम ते पांढरे हातमोजे घालून करत, म्हणून ते नाव. जेवताना तेवढे काढत, आणि जेवत एकटे.

एक चित्र मात्र जागचं हलत नसे, कारण ते लिफ्टमध्ये मावत नव्हतं. चौथ्या मजल्यावर, तक्रार विभागासमोर. सगळं करडं, खालच्या कोपऱ्यात एक पिवळी रेघ. पाटीवर लिहिलेलं, 'शीर्षक नाही, क्रमांक सात'. मजल्यावर त्याला 'गळती' म्हणत. एकदा नवा प्लंबर ते बघून खरोखरच शिडी घेऊन आला होता.

गळतीच्या बरोबर समोर तक्रारवाल्या बाईंचं टेबल. कानाला हेडफोन लावून दिवसभर परक्या लोकांचा संताप ऐकणं, ही त्यांची नोकरी. दुपारी साडेबाराला फोन जरा थंडावत आणि नेमके तेव्हा हातमोजे येऊन गळतीसमोर उभे राहत.

"काय दिसतं हो तुम्हाला त्यात?" बाईंनी एकदा विचारलं.

"रंगाचा थर बघतोय, मॅडम. हवेनं तडे जातात."

"रोज रोज?"

"लक्ष ठेवावं लागतं."

"ठेवा बापडे. माझ्यासमोर कुणीतरी न ओरडता उभं आहे, हेच माझ्यासाठी पुष्कळ."

तडे पाहायला दीड मिनिट पुरतं. उरलेली साडेनऊ मिनिटं कशासाठी, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही ते कधी तोंडातून काढलं नाही. बाई सकाळच्या फोनवरचे नमुने ऐकवायच्या. हातमोजे चित्राकडे बघत हसायचे. वळून बघायची त्यांची छाती नव्हती.

मग नवे संचालक आले. एवढी चित्रं, पण बघतं कोण? त्यांनी प्रत्येक चित्राखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. समोर दोन हातांच्या आत कोण किती वेळ थांबतं, ते यंत्र मोजणार. सहा महिन्यांनी यादी निघणार आणि तळातली वीस चित्रं गोदामात जाणार. संग्रहाच्या माणसाच्या गळ्यातलं ओळखपत्र यंत्राला कळायचं. ते दिसलं की मोजणी बंद. कामासाठी केलेलं बघणं बघण्यात धरायचं नाही, असा नियम.

पहिल्या महिन्यात गळतीच्या नावावर चार मिनिटं लागली. त्यातली तीन बुटाची नाडी बांधणाऱ्या एका माणसाची.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत हातमोज्यांनी कंपनीची टाचणीही इकडची तिकडे केली नव्हती. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी ओळखपत्र गळ्यातून काढलं, टेबलाच्या खणात ठेवलं आणि जिना चढले.

"अहो, आज गळ्यातलं कुठे गेलं?"

"विसरलो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आजही? वय झालं तुमचं."

"झालंच."

"माझंही झालंय म्हणा. पण मी विसरत नाही हं काही. अकरा मिनिटं झाली, पळा आता, नाहीतर आमचा साहेब येईल."

घड्याळ बाईही बघत होत्या तर! हातमोजे त्या दिवशी जिना उतरताना चक्क शीळ घालत होते, असं सफाईवाल्या मावशी सांगतात.

पाच महिने हे चाललं. एक दिवस चुकला नाही, आणि घोटाळा तिथेच झाला. गोदाम टाळायला सहा महिन्यांत चाळीसेक मिनिटं पुरली असती. पण माणूस मोजून मापून चोरी करायला शिकलेला नव्हता. यादी निघाली तेव्हा गळती पहिली होती, बाराशे एकतीस मिनिटं. दुसऱ्या क्रमांकावर लिफ्टसमोरचा घोडा, तीनशे नव्वद. त्याला ती मिळाली, कारण लिफ्ट लवकर येत नसे.

संचालक खूश. "बघा! आपल्या लोकांना अवघड कला कळते. हे चित्र माझ्या मजल्यावर घ्या. पाहुण्यांना सांगता येईल, आमच्या माणसांनी निवडलेलं आहे."

"साहेब, लिफ्टमध्ये मावत नाही ते."

"जिना आहे ना?"

"घोडा चांगला दिसेल वर. पाहुण्यांना घोडे आवडतात."

"घोडे सगळेच लावतात हो." संचालकांनी यादीवरून मान वर केली. "आकड्यांत काही गडबड नाही ना?"

खरं सांगितलं, तर बाराशे दहा वजा होऊन उरणार एकवीस, म्हणजे गोदाम. नाही सांगितलं, तर नववा मजला. चौथा मजला दोन्हीकडून बंद.

"गडबड नाही, साहेब."

सोमवारी सहा हमालांनी गळती उतरवली. भिंतीवर मागे फिकट न झालेला चौकोन राहिला. बाई हेडफोन गळ्यात अडकवून बघत होत्या.

"गोदामात का?"

"नाही, वर. पहिलं आलं."

"पहिलं? ही गळती?" बाई मनापासून हसल्या. मग हसू आवरलं. "आता या भिंतीवर काय?"

"सहा महिने काही नाही. पुढच्या फेरीत यादीप्रमाणे येईल."

"आणि तुम्ही?"

इथे एक वाक्य हवं होतं. कुठलंही चाललं असतं. हातमोज्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या येतो ना, खिळे काढायला."

फोन वाजला. "नमस्कार, तक्रार विभाग," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खिळे काढायला हमाल आला. हातमोजे तिसऱ्या मजल्यापर्यंत चढले होते. नुसत्या भिंतीसमोर अकरा मिनिटं कसं उभं राहायचं, ते त्यांना सुचेना. परत उतरले.

आता बेरीज. संचालकांना पाहुण्यांपुढे टाकायला एक वाक्य मिळालं. घोडा जागेवर राहिला. हातमोज्यांकडे आधी जे नव्हतं तेच पुन्हा नव्हतं. किंमत भरली ती बाईंनी. वर्षभर त्यांनी साडेबाराला टेबल सोडलं नव्हतं, डबा जागेवरच उघडला होता. खाली उपाहारगृहात मैत्रिणींच्या टेबलाला सहा खुर्च्या, आणि सहावीवर आता हिशोब खात्यातली नवी मुलगी बसायला लागली होती. बुधवारी बाई डबा घेऊन खाली गेल्या. "अगंबाई, तू? थांब हं, खुर्ची बघते," एकजण म्हणाली आणि बसूनच इकडेतिकडे पाहू लागली. "राहू दे गं, सहज आले होते," असं म्हणून बाई चार मजले चढून वर आल्या, आणि भिंतीकडे तोंड करून जेवल्या.